संयुक्त अरब अमिरातींमधील हवामानबदल धोरणाची साधने

हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटवणे आणि वाढत्या उष्म्याशी जुळवून घेणे या हेतूंनी संयुक्त अरब अमिरातींचे संघशासन व सात घटक अमिराती वापरत असलेले कायदे, दरपत्रके, मानके, वीजखरेदीचे करार व सार्वजनिक गुंतवणूक यांचा समावेश या नोंदीत केला आहे. देशात कार्बन कर नाही. त्यामुळे ज्यांना आज हवामान धोरण म्हटले जाते त्यांतील बरीच साधने मुळात ऊर्जा व अर्थ खात्यांची आहेत.

उगम : या धोरणाची सुरुवात कोठून धरावी याबद्दल एकमत नाही. सरकारी साहित्य ती संघाचे पहिले अध्यक्ष शेख झायेद (कारकीर्द १९७१–२००४) यांच्या वृक्षलागवडीपर्यंत आणि तेलविहिरींवर वायू जाळून टाकण्यास त्यांनी घातलेल्या आळ्यापर्यंत मागे नेते. दुसऱ्या मतानुसार २००६ मध्ये अबू धाबीने स्थापन केलेला मसदर हा अक्षय ऊर्जेचा उपक्रम हाच आरंभ होय. तेलापलीकडची अर्थव्यवस्था आणि देशाची प्रतिमा हे त्यामागचे हेतू मानले जातात. तिसरे मत नैसर्गिक वायूच्या टंचाईवर भर देते. तेलसाठे मोठे असूनही वीज व समुद्राच्या पाण्याचे निःक्षारीकरण यांसाठी वायू अपुरा पडू लागला आणि २००७ पासून कतारचा वायू डॉल्फिन नळातून येऊ लागला. एप्रिल २००८ च्या अणुऊर्जाविषयक धोरणपत्रात २०२० पर्यंत विजेची कमाल मागणी ४०,००० मेगावॉटच्या वर जाईल, तर उपलब्ध वायू २०,००० ते २५,००० मेगावॉटपुरताच राहील, असा अंदाज होता. वृक्षलागवडीचा वारसा नाकारण्याचे कारण नाही. पण नंतरच्या साधनांचा क्रम पाहता हे तिसरे मत अधिक पटते.

घटनात्मक चौकट : संघराज्याच्या घटनेचा अनुच्छेद २३ नैसर्गिक संपत्ती ज्या त्या अमिरातीची सार्वजनिक मालमत्ता ठरवतो. तेलसाठ्यांचा बहुतांश भाग अबू धाबीकडे आहे. आंतरराष्ट्रीय वचन संघ देतो. वीजदर, इमारतींचे नियम आणि तेल-वायूविषयक निर्णय मात्र प्रामुख्याने अमिराती घेतात. पॅरिस करार संघाने २०१६ मध्ये स्वीकारला. त्याच वर्षी संबंधित मंत्रालयाच्या नावात हवामानबदलाचा समावेश झाला आणि २०१७ मध्ये २०५० पर्यंतची राष्ट्रीय हवामान योजना आली.

दर व अनुदाने : सर्वांत परिणामकारक साधन कदाचित हेच, जरी त्यावर हवामानाची मोहोर क्वचितच असते. १ ऑगस्ट २०१५ पासून पेट्रोल-डिझेलचे दर मासिक समितीमार्फत जागतिक भावांशी जोडले गेले. पहिल्याच महिन्यात ९५ ऑक्टेन पेट्रोल लिटरला १.७२ दिरहमवरून २.१४ वर गेले, तर डिझेल २.९० वरून २.०५ वर उतरले. तेलाचे भाव पडलेले असताना हा बदल केला गेला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

दुबईत २००८ पासून टप्प्याटप्प्याने चढणारा वीजदर आहे. २०११ नंतरच्या निवासी दरपत्रकात पहिल्या २,००० युनिटांना २३ फिल्स (१०० फिल्स म्हणजे एक दिरहम), पुढे ४,००० पर्यंत २८, ६,००० पर्यंत ३२ व त्यावर ३८ फिल्स, असे चार टप्पे हिरव्या, पिवळ्या, नारिंगी व लाल रंगांनी दाखवले जातात. महिन्याला २,५०० युनिट जाळणाऱ्या परदेशी कुटुंबाचा हिशेब असा : पहिल्या २,००० चे ४६० दिरहम, उरलेल्या ५०० चे १४०, म्हणजे ६०० दिरहम, इंधन अधिभार वेगळा. नागरिकांचे दर याहून बरेच कमी आहेत. महावितरणच्या घरगुती बिलात पहिला टप्पा १०० युनिटांवरच संपतो. दुबईचा पहिला टप्पा त्याच्या वीसपट रुंद आहे, त्यावरून तेथील वातानुकूलनाचा भार ध्यानात यावा.

वीजखरेदी : कर किंवा सक्तीच्या कोट्याऐवजी लिलाव व दीर्घ मुदतीचे करार हा मार्ग निवडला गेला. अमिरातीची वीज कंपनी ही एकमेव खरेदीदार असते, प्रकल्पात बहुसंख्य भाग स्वतःकडे ठेवते आणि सर्वांत कमी दर देणाऱ्याला उरलेला भाग मिळतो. जोखीम सरकारवर असल्याने कर्ज स्वस्त मिळते. दुबईच्या मोहम्मद बिन रशीद सौर उद्यानात २०१५ च्या सुमारास युनिटला ५.८४ अमेरिकी सेंट हा दर आला, २०१६ मध्ये २.९९, अबू धाबीच्या अल धफ्रा प्रकल्पासाठी २०२० मध्ये तो १.३५ सेंटपर्यंत उतरला. बराका येथील अणुकेंद्राच्या चार भट्ट्या २०२१ ते २०२४ दरम्यान व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या. त्यांतून देशाची सुमारे चतुर्थांश वीज मिळते.

उद्दिष्टे मात्र वेळोवेळी हलली. २०१७ च्या ऊर्जा धोरणात २०५० साठी ‘स्वच्छ कोळशा’चा वाटा १२ टक्के धरला होता, दुबईचे हस्यान केंद्र, जे कोळशासाठी बांधले गेले, ते पुढे वायूवर वळवण्यात आले.

आधारपातळीचा प्रश्न : संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या २०१५ च्या पहिल्या निवेदनात उत्सर्जनाचे उद्दिष्टच नव्हते, २०२१ पर्यंत स्वच्छ ऊर्जेचा वाटा २४ टक्के करण्याचे वचन होते. २०२० मध्ये ‘काहीच न केल्यास’ २०३० साली होणाऱ्या उत्सर्जनाच्या तुलनेत २३.५ टक्के घट जाहीर झाली, २०२२ मध्ये ३१ टक्के. अशा मापनात तुलनेचा आकडा स्वतःच अंदाज असतो. तो पहिल्या वेळी ३१ कोटी टन होता, दुसऱ्या वेळी सुमारे ३०.१ कोटी. अंदाज जितका फुगीर, तितकी घट मोठी दिसते. जुलै २०२३ मध्ये प्रथमच प्रत्यक्ष वर्षाशी तुलना आली : २०३० मध्ये १८.२ कोटी टन, म्हणजे २०१९ पेक्षा १९ टक्के कमी. हेच उद्दिष्ट जुन्या पद्धतीने ४० टक्के भरते, आणि प्रसिद्धीसाठी साहजिकच तो आकडा पुढे केला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये २०३५ साठी २०१९ च्या तुलनेत ४७ टक्के घटीचे उद्दिष्ट मांडले गेले. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाची घोषणा ऑक्टोबर २०२१ मधली. निर्यात केलेल्या तेलाच्या ज्वलनातून होणारे उत्सर्जन यांपैकी कशातच मोजले जात नाही. आंतरराष्ट्रीय गणनेचा नियमच तसा आहे. दुबईत २०२३ मध्ये भरलेल्या अठ्ठाविसाव्या हवामान परिषदेच्या वेळी टीकेचा रोख प्रामुख्याने याच मुद्द्यावर होता.

कायदा : २०२४ चा संघीय हुकूमनामा क्र. ११ हा ३० मे २०२५ पासून लागू झाला. मुक्त क्षेत्रांतील कंपन्यांसह सर्व आस्थापनांना उत्सर्जन मोजणे, त्याची नोंद ठेवणे व अहवाल देणे त्याने बंधनकारक केले. उल्लंघनास ५०,००० ते २० लाख दिरहम दंड असून दोन वर्षांत पुनरावृत्ती झाल्यास तो दुप्पट होतो. हा कायदा मोजमापाचा आहे, मर्यादेचा नव्हे. क्षेत्रवार कमाल मर्यादा घालण्यापर्यंत तो जात नाही. कार्बन श्रेयांकांच्या (उत्सर्जन घटवल्याबद्दल मिळणाऱ्या, विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांच्या) राष्ट्रीय नोंदवहीत वर्षाला पाच लाख टनांहून अधिक उत्सर्जन करणाऱ्यांना नाव नोंदवणे सक्तीचे आहे.

इतर साधने : अबू धाबीत २०१० पासून नव्या इमारतींना पर्यावरणपूरकतेचे किमान एक ‘मोती’ मानांकन व सरकारी इमारतींना दोन मिळवावे लागतात. मानांकनाच्या या नावाला आखातातील जुन्या मोत्यांच्या व्यवसायाचा संदर्भ आहे. पोलाद कारखान्यातील कार्बन डायॉक्साइड पकडण्याचा प्रकल्प २०१६ पासून चालू असून त्याची क्षमता वर्षाला आठ लाख टन आहे. पकडलेला वायू तेलक्षेत्रांत सोडून अधिक तेल काढले जाते, म्हणून त्याची जमाखर्चात गणना कशी करावी यावर वाद आहे.

अनुकूलनाची बाजू तुलनेने विरळ आहे. खारफुटीची लागवड आणि १६ एप्रिल २०२४ च्या अतिवृष्टीनंतर (अल ऐन भागातील खत्म अल शक्ला येथे चोवीस तासांच्या आत सुमारे २५४ मिमी.) दुबईतील पर्जन्यजल निचऱ्याची कामे यांचा उल्लेख करावा लागेल. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास असलेली बंदी कामगार खात्याची आहे आणि हवामानबदलाच्या चर्चेआधीपासून चालत आली आहे. बांधकामावरच्या कामगारांत भारतीय मोठ्या संख्येने आहेत. उन्हात राबणाऱ्या माणसापर्यंत सर्वांत थेट पोहोचणारे साधन हेच, तरी हवामान धोरणाच्या यादीत ते क्वचितच धरले जाते. शारजा, अजमान, उम्म अल कुवैन, रास अल खैमा व फुजैरा या अमिरातींच्या स्वतंत्र उपायांविषयी लेखन तुटपुंजे आहे.