ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, मग चढण चढताना धाप का लागते?

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८ आणि सीबीसीच्या (रक्ततपासणीच्या) रिपोर्टात हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं द्रव्य, ७.५, हे दोन्ही आकडे एकाच बाईचे असू शकतात. घरची माणसं मात्र पहिला आकडा बघून निर्धास्त होतात.

ऑक्सिमीटर सांगतो ती टक्केवारी: आहे त्या हिमोग्लोबिनपैकी किती ऑक्सिजनने भरलंय. मुळात हिमोग्लोबिन आहे किती, हे त्याला कळत नाही. कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) बसमधल्या किती सीट भरल्या हे तो सांगेल. स्टँडवरून बसगाड्या किती सुटल्या ते सीबीसी सांगते.

हिशोब करून बघू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरलं की सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. हिमोग्लोबिन १५ (म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १५ ग्रॅम) आणि ऑक्सिमीटर ९८ असेल तर १०० मिलिलिटर रक्तात साधारण १९.७ मिलिलिटर ऑक्सिजन असतो. हिमोग्लोबिन ७.५ असेल तर त्याच ९८ वर दहापेक्षाही थोडा कमी. उलट न्यूमोनियाच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन १५ आणि आकडा ८८ असला तरी त्याच्या रक्तात १७.७ असतो. स्वस्थ बसलेल्या शरीराच्या पेशी दर १०० मिलिलिटरमागे सुमारे ५ मिलिलिटर काढून घेतात. अॅनिमियात, म्हणजे हिमोग्लोबिन असं कमी असताना, बसल्या जागीच निम्मा साठा संपतो. पणजीतल्या अल्तिनोची चढण लागली की हृदय धडधडतं, पाय गळतात, आणि बोटावर तरीही ९८.

म्हणून उपायही वेगळे. न्यूमोनियात फुफ्फुसातून ऑक्सिजन रक्तात नीट शिरत नाही, तिथे सिलिंडर जीव वाचवतो आणि लोहाची गोळी कामाची नाही. अॅनिमियात शुद्ध ऑक्सिजन दिला तरी रक्तात विरघळून जेमतेम दोन मिलिलिटरची भर पडते. तिथे कारण शोधावं लागतं: पाळीत जास्त रक्त जाणं, मूळव्याध, आकडी जंत. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये, चहा लोह शोषू देत नाही, लिंबूपाणी चालतं. पुरुषांत १३, बायकांत १२ आणि गरोदरपणात ११ च्या खाली हिमोग्लोबिन गेलं तर तो अॅनिमिया.

ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश सोडतो आणि नाडीसोबत येणाऱ्या रक्तात तो किती शोषला जातो हे मोजतो. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं जाळं) ओढून आलेल्याची बोटं ओली, गार असतात, त्यांत नाडी नीट मिळत नाही. हात पुसून ऊब द्या, नेलपॉलिश काढा, बोट हलवू नका, आकडा स्थिरावेपर्यंत मिनिटभर थांबा. तरीही ९४ च्या खालीच राहिला तर डॉक्टरांना दाखवा. ९० च्या खाली असेल तर थेट इस्पितळ गाठा.

एका ठिकाणी मात्र चांगला आकडा उघड फसवतो. पावसाळ्यात वीज गेली आणि बंद खोलीत जनरेटर चालवला, तर त्याचा कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटतो. ऑक्सिमीटरला तो ऑक्सिजनसारखाच दिसतो. डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर आकडा बघत बसू नका, सगळ्यांना आधी उघड्यावर काढा आणि १०८ ला फोन करा.