आवडीनिवडींची चिठ्ठी

गुप्त भेटींच्या खेळात भाग घेणाऱ्याने आपले छंद, आवडी आणि नकोशा वस्तू आधी लिहून देण्याची पद्धत. गटातल्या सर्वांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकतात. जे नाव हाती येईल त्या व्यक्तीला, आपण कोण हे कळू न देता, ठरलेल्या रकमेत भेट द्यायची. नाताळच्या सुमारास ऑफिसांतून हा खेळ ‘सिक्रेट सँटा’ म्हणून चालतो. स्पेनमध्ये त्याला ‘अदृश्य मित्र’ म्हणतात. स्वीडनमध्ये दारावर थाप मारून भेट आत फेकायची आणि पळून जायचे, अशी जुनी चाल होती. नाताळच्या भेटीला तिथे असलेला ‘यूलक्लाप’ हा शब्द त्या थापेवरूनच आला.

सांगलीत भिशीमुळे चिठ्ठी उचलण्याचे कोणाला नवल नाही. अवघड जाते ते आवड सांगणे. संक्रांतीचे वाण सगळ्यांना एकच, त्यामुळे ते लुटताना कोणाला काही विचारावे लागत नाही. गुप्त भेट मात्र एकाच माणसासाठी घ्यायची असते, आणि ‘तुम्हाला काय हवं?’ याला आपले ठरलेले उत्तर ‘काहीही चालेल’. हा संकोच म्हणजे देणाऱ्याच्या डोक्याला ताप. ‘छंद : वाचन, संगीत, प्रवास’ ही लग्नाच्या बायोडाटातली ओळही तितकीच निरुपयोगी.

मिरजेत नुसते ‘संगीत’ लिहिले तर काय समजायचे? तिथल्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गावात वाजवणारे आहेत, बनवणारे आहेत आणि फक्त ऐकणारेही आहेत. त्याऐवजी ‘सतार शिकते, मिजराब सारखी हरवते’ एवढे लिहिले की काम झाले. तारा छेडायची ती तारेची नखी सतारमेकर गल्लीत किरकोळ पैशांत मिळते, आणि महागड्या फोटोफ्रेमपेक्षा तिचे मोल जास्त ठरते. नाटकाचेही तेच. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीता स्वयंवर’ केले त्या सांगलीत ‘नाटक आवडते’ हे न लिहिताही गृहीत धरतात. काम करायला आवडते की बघायला, हे लिहावे.

नकोशा वस्तूंची ओळ बहुतेक जण गाळतात. खरे तर तीच सर्वांत उपयोगी. तासगावच्या बागायतदाराला बेदाण्याचा डबा देणे म्हणजे कृष्णेला घागरभर पाणी नेऊन देणे. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1993 मध्ये विद्यार्थ्यांकडून माहिती घेऊन दाखवले, की मिळालेल्या वस्तूंची किंमत घेणाऱ्यांच्या लेखी बाजारभावापेक्षा एक दशांश ते एक तृतीयांशाने कमी भरते. माळ्यावर वाणाचे डबे रचून ठेवलेल्या घरांना हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

चिठ्ठ्या उचलताना कोणाला तरी स्वतःचेच नाव येते. माणसे चार असोत की चाळीस, असे होण्याची शक्यता 63 टक्क्यांच्या आसपासच राहते, त्यामुळे फेरी पुन्हा घ्यावी लागली तर खट्टू होऊ नये.

गुप्तता टिकवायला भेटीवर हाताने नाव लिहीत नाहीत, कारण अक्षर ओळखू येते. तरी सोबत भडंगाची पुडी असली, तर तिच्यावरच्या दुकानाच्या नावावरून देणारा सांगलीच्या गावभागातला की विश्रामबागेतला, याचा अंदाज लोक बांधतातच.