आंबोण, आंबटपणा आणि बर्बन

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लेक्सिंग्टनजवळ, बर्बन म्हणजे मक्याची व्हिस्की बनवणाऱ्या एका छोट्या भट्टीत आम्ही सात-आठ जण उघड्या लाकडी हौदाभोवती उभे होतो. हौदात मक्याचं पिवळट कालवण रटरटत होतं, पण खाली जाळ नव्हता. यीस्ट साखर खात होतं आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडत होतं. भट्टी दाखवणाऱ्या बाई म्हणाल्या, बोट बुडवून चाखा. आदल्या दिवशी भरलेल्या हौदातलं गोड लागलं, मक्याच्या लापशीसारखं. तीन दिवस झालेल्या हौदातलं जिभेवर ठेवलं आणि थेट आंबील आठवली: पातळ, आंबट, धान्याच्या वासाची, शेवटी जरा कडसर. हातभट्टीवरच्या छाप्याच्या बातमीत 'इतके लिटर रसायन नष्ट' असं छापून येतं ना, त्या रसायनाचं हे कायदेशीर, बोटभर चाखता येणारं भावंड.

हे कालवण लावायच्या पद्धतीला तिथे 'सावर मॅश', म्हणजे आंबट घाणा, म्हणतात. बाटलीवर हे शब्द वाचून व्हिस्की आंबट असेल असं अनेकांना वाटतं, मलाही वाटलं होतं. पण आंबलेलं कालवण उकळून त्याच्या वाफेची व्हिस्की करतात. आंबटपणा मुख्यतः लॅक्टिक आम्लाचा, आणि ते सहजासहजी वाफेवर स्वार होत नाही. अल्कोहोल आणि सुगंधी द्रव्यं वर निघून जातात, आम्ल तळाशी राहतं.

सगळी गंमत त्या तळाच्या गाळात आहे. अल्कोहोल काढून घेतल्यावर मागे जे गरम, आंबट, मातकट पाणी आणि धान्याचा चोथा उरतो, त्यातला बराचसा आजही आसपासच्या गोठ्यांत जातो. गोठा सांभाळलेल्या मराठी माणसाला त्याचं नाव शिकवावं लागत नाही: आंबोण. फक्त त्यातलं गाळून घेतलेलं आंबट पाणी पुढच्या घाण्यात ओततात, कुठे पाचवा हिस्सा, कुठे त्याहून जास्त. सावर मॅश म्हणजे एवढंच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण भट्ट्या दाखवणारे लोकच तो पसरवतात. ते म्हणतात, हे विरजणासारखं आहे, कालचं थोडं आज घालायचं. ऐकायला छान, पण चूक. विरजणातले जिवाणू जिवंत असतात, म्हणून दही लागतं. हे पाणी दारूची वाफ काढणाऱ्या उकळत्या स्तंभातून खाली आलेलं असतं, त्यातलं यीस्ट केव्हाच मेलेलं असतं. दारू आंबवायला ताजं यीस्ट वेगळं घालावंच लागतं. त्यामुळे उपमा द्यायचीच तर विरजणाची नको, आमसुलाची द्या. हे पाणी कशाचं बियाणं नाही, नुसतं आंबट आहे. मेलेल्या यीस्टमधली पोषकद्रव्यं नव्या यीस्टला मिळतात, तेवढा वरकड फायदा.

हा आंबटपणा लागतो तिथल्या पाण्यामुळे. केंटकीच्या मध्यभागी जमिनीखाली चुनखडी आहे. तिच्यातून झिरपलेल्या पाण्यात लोह जवळजवळ नसतं, आणि हे चांगलं, कारण लोहामुळे व्हिस्की काळवंडते. पण चुनखडीतले क्षार भरपूर असल्यामुळे पाणी अल्कधर्मी असतं, पीएच सातच्या वर. ज्या बोअरच्या पाण्यात आपली डाळ शिजत नाही त्याच्याच कुळातलं. मक्याचा स्टार्च तोडून साखर करणारी मोड आलेल्या सातूतली एन्झाइमं मात्र पाच-साडेपाच पीएचला खुशीत असतात. यीस्टलाही आंबट आवडतं, आणि नको असलेल्या बऱ्याच जिवाणूंना ते सोसत नाही. तळाच्या पाण्याचा पीएच चारच्या आसपास, ते ओतलं की सगळा घाणा हव्या त्या पातळीवर येतो. पीएचची एक पायरी उतरलं की आम्लता दहापट होते, हे लक्षात घेतलं तर हा फरक केवढा ते कळेल.

या पद्धतीचं श्रेय जेम्स क्रो या स्कॉटलंडहून आलेल्या, वैद्यकाचं आणि रसायनशास्त्राचं शिक्षण घेतलेल्या माणसाला देतात. 1820च्या दशकात तो केंटकीत आला आणि 1856 साली वारला. पण केंटकीच्या इतिहास संस्थेकडे 1818 सालची कॅथरीन कार्पेंटर या बाईंच्या नावाची सावर मॅशची कृती आहे. म्हणजे क्रो यायच्या आधीच निदान काही घरांत हे चाललं होतं. क्रोने केलं ते वेगळं: त्याने तापमान, साखर, आम्ल मोजलं आणि लिहून ठेवलं. कृती बाईची आणि नाव मोजणाऱ्याचं, हे आपल्या स्वयंपाकघरांना काही नवं नाही.

कायद्याने बर्बनला सावर मॅश सक्तीचा नाही. किमान 51 टक्के मका आणि आतून जाळलेलं नवं कोरं ओकचं पिंप, या मुख्य अटी. डॅनव्हिलच्या वाइल्डरनेस ट्रेलसारख्या भट्ट्या तळाचं पाणी न घालता दरवेळी कोरा घाणा लावतात, फक्त स्वच्छता शस्त्रक्रियेच्या खोलीसारखी ठेवतात. म्हणून पेल्यात सावर मॅश शोधू नका. ही बाटली गेल्या वर्षीच्या बाटलीसारखी लागते, यातच त्याचं काम दिसतं.

मग शोधायचं काय? यीस्ट आणि लाकूड. यीस्ट एस्टर नावाची सुगंधी द्रव्यं तयार करतं. त्यातलं आयसोअमिल अॅसिटेट हे पिकल्या केळ्याच्या वासाचं. लाकडातलं लिग्निन उष्णतेने तुटलं की व्हॅनिलिन मिळतं, ओकमधल्या लॅक्टोनचा वास ओल्या नारळाचा, युजेनॉलचा लवंगेचा. शेवटचे दोन ओळखण्यात मालवणी नाकाला केंटकीच्या नाकापेक्षा सराव जास्त, असं माझं मत आहे. चव-वासांच्या तिथल्या यादीत 'बटरस्कॉच', 'ग्रॅहम क्रॅकर' असलं काय काय असतं. ते सोडून द्या आणि आपल्याला आठवेल ते लिहा. मी एकापुढे 'नारळीपाकाची वडी, जरा करपलेली' असं लिहिलं आणि अजूनही त्यावर ठाम आहे.

वास घेताना ओठ किंचित उघडे ठेवायचे, म्हणजे अल्कोहोल नाकाला झोंबत नाही. घोट लहान, तोंडभर फिरवून मग गिळायचा, आणि नाकाने श्वास सोडायचा, कारण चवीतला बराच भाग घशाच्या मागून नाकात जाणारा वासच असतो. छातीत जी ऊब पसरते तिला तिथे 'केंटकीची मिठी' म्हणतात. ठेचा खाल्ल्यावर तोंडात जो उष्णतेचा ग्राही जागा होतो, तोच इथेही. टीआरपीव्ही-1 हे त्याचं नाव. एरवी तो 42 अंश सेल्सियसच्या आसपास 'भाजलं' अशी खबर देतो. अल्कोहोलमुळे हा उंबरठा 34 अंशांच्या आसपास उतरतो, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या उष्णतेलाच तो भाजलं म्हणू लागतो. घोट गार असला तरी जळजळतं ते त्यामुळे.

पाणी घालावं की नाही यावर भांडणारे भेटतील. खुशाल घाला, चमच्याने. 2017 साली स्वीडनच्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणूंची हालचाल तपासून दाखवलं, की पाणी घातल्यावर धुराच्या वासाचा ग्वायाकोल द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतो. नाकही तिथेच असतं.

पिंपातून दरवर्षी काही हिस्सा उडून जातो. केंटकीत साधारण चार टक्के, गोव्यासारख्या दमट उकाड्यात याच्या दुप्पट. त्यामुळे आपल्याकडची व्हिस्की लवकर वयात येते आणि लवकर संपतेही.

परत आल्यावर मी एक प्रयोग केला. लुइव्हिल विद्यापीठातल्या स्टुअर्ट विल्यम्स यांच्या गटाला असं दिसलं होतं, की बर्बनमध्ये पाणी घालून अल्कोहोल वीस-पंचवीस टक्क्यांवर आणलं आणि बारीक थेंब काचेवर वाळवला, की कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटते. पाण्यात न विरघळणारी लाकडातली द्रव्यं थेंबावर पापुद्रा धरतात, थेंब आक्रसला की पापुद्र्याला सुरकुत्या पडतात. आधी वापरलेल्या पिंपात मुरणाऱ्या स्कॉचला हे जमत नाही. मुलाचा शाळेचा सूक्ष्मदर्शक, काचपट्टी आणि इंजेक्शनची सुई एवढंच माझं सामान. पहिल्या दोन वेळा नुसता चहाच्या कपाखाली उमटतो तसा गोल डाग आला, पाणी जास्त झालं होतं. तिसऱ्या थेंबाच्या कडेला तीन-चार धागे एकमेकांत अडकलेले दिसले. मुलगा म्हणाला, बाबा, ही बुरशी आहे.