गॅमा-किरण स्फोटांच्या उत्तरदीप्तीचे हौशी निरीक्षण : नाशिक

दूरच्या दीर्घिकेत गॅमा-किरणांचा स्फोट झाला की त्याच जागी एक मंद ठिपका उजळतो आणि काही तासांत, फार तर काही दिवसांत विझत जातो. या ठिपक्याला उत्तरदीप्ती म्हणतात. आकाशनिरीक्षकांच्या बोलण्यात ‘आफ्टरग्लो’ हाच शब्द जास्त चालतो. स्फोट स्वतः बहुधा सेकंदाच्या अंशापासून काही मिनिटांपर्यंतच टिकतो आणि गॅमा-किरण वातावरणात अडतात, म्हणून तो पकडायला उपग्रहच लागतो. उत्तरदीप्तीचा दृश्य प्रकाश मात्र जमिनीपर्यंत पोचतो. गच्चीवरच्या दुर्बिणीला वाव मिळतो तो इथे.

दोन सेकंदांहून अधिक काळ चालणारे बहुतेक दीर्घ स्फोट प्रचंड वस्तुमानाचा तारा कोसळताना होतात. गाभ्याचे कृष्णविवर बनते आणि प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ जाणारे पदार्थाचे झोत ताऱ्याला भेदून बाहेर पडतात. लघु स्फोट बहुधा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून होतात. पुढे हाच झोत भोवतालच्या वायूवर आदळतो, धक्क्यात सापडलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरत प्रकाश देतात, आणि झोत जसा मंदावतो तसा तो प्रकाशही.

या स्फोटांचा पहिला मागमूस २ जुलै १९६७ रोजी अमेरिकेच्या ‘वेला’ उपग्रहांना लागला. ते सोडले होते अणुचाचण्यांवर नजर ठेवायला. शोध जाहीर झाला १९७३ मध्ये. स्फोट आपल्या आकाशगंगेतले की बाहेरचे, हा वाद त्यानंतर जवळजवळ पाव शतक चालला. २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटाची जागा ‘बेपोसॅक्स’ उपग्रहाने नेमकी दाखवली, कॅनरी बेटांवरील दुर्बिणीतून तिथे मंदावणारा ठिपका दिसला, आणि त्याच वर्षी मे महिन्यातल्या दुसऱ्या स्फोटाचे अंतर मोजता आल्याने वाद निकालात निघाला. भारतात नैनीतालच्या १०४ सेंमी दुर्बिणीने जानेवारी १९९९ च्या स्फोटाची उत्तरदीप्ती टिपली.

हौशी निरीक्षक यात लवकरच आले. बदलत्या ताऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘एएव्हीएसओ’ या अमेरिकी संस्थेने त्यांच्यासाठी वेगळे जाळे उभारले, आणि जुलै २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील बर्टो मोनार्ड यांनी एका स्फोटाची उत्तरदीप्ती स्वतः शोधून काढली. २००४ मध्ये ‘स्विफ्ट’ उपग्रह अवकाशात गेल्यावर काम खरे सोपे झाले. तो काही मिनिटांत काही विकलांइतकी (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) अचूक जागा कळवतो. ‘फर्मी’ हा दुसरा उपग्रह पुष्कळ अधिक स्फोट टिपतो, पण त्याने दाखवलेली जागा बऱ्याचदा कित्येक अंश रुंद असते. छोट्या दुर्बिणीच्या चिंचोळ्या दृष्टिक्षेत्रात ती मावत नाही.

नाशिकचे महत्त्व अक्षांश-रेखांशात आहे. शहर २० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने उत्तरेकडचे बहुतेक सगळे आणि दक्षिणेकडचेही बरेच आकाश इथून दिसते. इथे रात्र सुरू होते तेव्हा युरोपात दुपार आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळ असते. कॅनरी बेटांपैकी ला पाल्मा आणि चिली इथल्या मोठ्या दुर्बिणी त्या वेळी उन्हात असतात. विझत जाणारा प्रकाश कोणाची सोय पाहत नाही. जिथे अंधार आहे तिथल्यानेच तो टिपायचा.

तीन स्फोटांची भारतीय वेळ पाहिली की हे नीट कळते. १९ मार्च २००८ चा स्फोट भूतप तारकासमूहात झाला. त्याचा प्रकाश सुमारे ७५० कोटी वर्षे प्रवास करून आलेला, तरी काही सेकंद तो नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका, सहाव्या प्रतीहून (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद) किंचित तेजस्वी झाला. नाशिकमध्ये तेव्हा सकाळचे ११ वाजून ४२ मिनिटे झाली होती. २९ मार्च २००३ चा स्फोट सायंकाळी पाचच्या सुमारास झाला, तोही सिंह राशीत, आणि त्याच वर्षी नाशिकला सिंहस्थ होता. ती जागा रात्री अकराच्या सुमारास नाशिकच्या जवळजवळ माथ्यावरून गेली. पहिल्या काही तासांत उत्तरदीप्ती १३ व्या प्रतीच्या आसपास असल्याने ती साध्या दुर्बिणीच्याही आवाक्यात होती. पुढे तिथे अतिनवतारा, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याचा स्फोट, उलगडला आणि दीर्घ स्फोटांचा ताऱ्यांच्या मृत्यूशी असलेला संबंध पक्का झाला. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या ‘जीएमआरटी’ने, म्हणजे पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या रेडिओ दुर्बिणीनेच, या उत्तरदीप्तीच्या रेडिओ लहरी पुढे कित्येक वर्षे मोजल्या.

तिसरा ९ ऑक्टोबर २०२२ चा, आजवर नोंदलेला सर्वांत तेजस्वी स्फोट. गॅमा-किरण पृथ्वीवर पोचले तेव्हा इथे सायंकाळचे ६ वाजून ४७ मिनिटे झाली होती, सूर्य मावळून अर्धा तास होत आला होता, आणि स्फोटाची जागा शर तारकासमूहात, श्रवण आणि अभिजित यांच्या मधल्या पट्ट्यात, नाशिकच्या माथ्यापासून जेमतेम तीन-चार अंशांवर होती. ती कोजागरीची रात्र. घरोघरी आटीव दुधात चंद्र पाहायची तयारी चालू असताना सुमारे १९० कोटी वर्षे चाललेला हा प्रकाश डोक्यावरून उतरत होता, आणि ते कुणाला ठाऊक नव्हते. ‘स्विफ्ट’ने ती जागा टिपली ७ वाजून ४० मिनिटांनी, पण सुरुवातीला ती आपल्याच आकाशगंगेतली नवी वस्तू समजली गेली. खरी ओळख काही तासांनी पटली. तोवर उत्तरदीप्ती मंदावत चालली होती, वाटेत आकाशगंगेची धूळ होती आणि वर पौर्णिमेचे चांदणे. तरीही जगभरच्या छोट्या दुर्बिणींनी ती टिपली. नाशिकच्या आकाशाचा विषय निघाला की ही तारीख सांगितलीच पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

प्रत्यक्ष काम असे चालते. उपग्रहाची सूचना येताच दुर्बीण त्या जागेवर वळवायची आणि ६०-६० सेकंदांच्या फ्रेम घेत राहायचे. शहराच्या उजेडात २० सेंमी आरशाची दुर्बीण अशा तीस फ्रेम एकावर एक रचून साधारण १७ व्या प्रतीपर्यंत पोचते. एकेका फ्रेममध्ये काहीच दिसत नाही. रचून झाल्यावर जुन्या आकाशचित्राशी ताडून पाहिले की जिथे पूर्वी कोरे आकाश होते तिथे चार-पाच पिक्सेलांचा करडा ठिपका सापडतो. त्यावर लगेच विश्वास ठेवायचा नसतो. पहिल्या पंधरा फ्रेम वेगळ्या आणि शेवटच्या पंधरा वेगळ्या रचाव्या: लघुग्रह असेल तर तो सरकलेला दिसतो, कॅमेऱ्यातला दोष ताऱ्यांबरोबर फिरत नाही, आणि खरी उत्तरदीप्ती जागेवर राहून फिकी होते. घाई कशासाठी, हे गणितावरून कळते. प्रकाश साधारण गेलेल्या वेळेच्या व्यस्त प्रमाणात घटतो, म्हणजे वेळ दसपट झाला की अडीच प्रती जातात. दहाव्या मिनिटाला १४ वी प्रत असलेला ठिपका शंभराव्या मिनिटाला साडेसोळावर आणि सतराव्या तासाला १९ व्या प्रतीवर जातो.

पावसाळ्याचे चार महिने नाशिकमध्ये हे काम जवळपास बंदच असते. थंडीत आकाश निवळते, पण दुर्बिणीच्या काचेवर दव धरते आणि निफाडकडे द्राक्षबागा गारठ्यातून वाचवायला पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर पहाटे खाली बसून राहतो. शहराच्या दिव्यांपासून दूर जायचे तर पेठ, हरसूल, सुरगाण्याकडची पठारे बरी. मात्र सूचना आल्यावर गाडी काढली तर पहिला तास रस्त्यातच जातो. म्हणून कमी अंधाराची पण कायम मांडलेली गच्चीच बहुधा जास्त कामाची ठरते.

प्रतिमा नुसती सुंदर असून भागत नाही. तिच्यासोबत उद्भासनाच्या (कॅमेरा प्रकाश गोळा करतो त्या काळाच्या) मध्याची जागतिक वेळ (भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून), फिल्टर, एकूण उद्भासन, दुर्बिणीचा व्यास, तुलनेचे तारे आणि मोजलेली प्रत त्रुटीसह द्यावी लागते. मग ती ‘एएव्हीएसओ’कडे किंवा नासाच्या ‘जीसीएन’ परिपत्रकांतून जगभरच्या संशोधकांकडे जाते आणि प्रकाशवक्रावरचा, म्हणजे वेळेनुसार तेज दाखवणाऱ्या आलेखावरचा, एक बिंदू होते. स्फोटांची नावेही तारखेवरूनच पडतात: वर्ष, महिना, दिवस आणि मागे एक अक्षर. ठिपका दिसलाच नाही, तरी ‘अमुक वेळी अमुक प्रतीपर्यंत काही नाही’ ही नोंद पाठवायची असते. उत्तरदीप्ती त्या वेळी त्याहून मंद होती, एवढे त्यातून पक्के कळते, आणि प्रकाशवक्रावर अशी नोंद खाली टोक केलेल्या बाणाने दाखवतात.