हजारी 1.7 पोलीस: मिनियापोलिसच्या एका आकड्याची पार्श्वभूमी

4,29,954 ला 0.0017 ने गुणले की 730.92 येतात. माणूस अपूर्णांकात नेमता येत नाही, म्हणून 731. मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2022 मध्ये मिनियापोलिस शहरात किमान किती पोलीस हवेत याबाबत जो निकाल दिला, त्यातला गाजलेला आकडा एवढ्याच हिशोबातून निघाला आहे: 2020 च्या जनगणनेतली लोकसंख्या आणि शहराच्या सनदेत, म्हणजे शहराचा कारभार ठरवणाऱ्या मूळ कायद्यात, 1961 साली घातलेले प्रमाण. गुन्हे किती, रस्ते किती, रात्री किती फोन येतात, यातले काहीच त्या गुणाकारात नाही. दहा वर्षांपूर्वीच्या जनगणनेवर तोच गुणाकार केला तर उत्तर साडेसहाशेच्या आसपास येते. मधल्या काळात शहरात सत्तेचाळीस हजार माणसे वाढली आणि तेवढ्याने कायद्याची गरज ऐंशी पोलिसांनी वाढली.

हे प्रमाण सनदेत आले ते पोलिसांच्या संघटनेने लावून धरले म्हणून. मागणीत वावगे काही नव्हते. दर वर्षीच्या अंदाजपत्रकात नगरपरिषद कात्री लावणार, ती लागू नये म्हणून किमान आकडा थेट सनदेतच लिहून घ्यायचा. पुढची साठ वर्षे शहराचे पोलीस बहुतेक काळ त्या रेषेच्या वरच राहिले. त्यामुळे हे कलम आहे, याचाही फारसा कुणाला पत्ता नव्हता.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात आटोपतो. लंडनमध्ये 1829 साली पगारी, गणवेशातले दल उभे राहिले. सुरुवातीला हजारभर माणसे, वर्षभरात तीन हजारांच्या घरात. ठरलेल्या बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या हद्दीत, ठरलेल्या चालीने फिरायचे, म्हणजे पोलीस दिसेल आणि दिसला की गुन्हा टळेल. हे गृहीतक दीडशे वर्षे कुणी तपासले नाही. उलट बाजूचा पुरावा मात्र मधूनमधून मिळत गेला. सप्टेंबर 1919 मध्ये बोस्टनचे 1,544 पैकी 1,117 पोलीस संपावर गेले आणि लूटमार सुरू झाली. ऑक्टोबर 1969 मध्ये माँट्रियलचे पोलीस एक दिवस कामावर आले नाहीत. त्या दिवसात बँका लुटल्या गेल्या, दुकानांच्या काचा फुटल्या, माणसे मेली. पोलीस अजिबात नसले तर काय होते, हे त्यातून कळले. पण नगरपरिषदेपुढे तो प्रश्न कधीच नसतो. तिच्यापुढे असते ते आठशेचे नऊशे करायचे की सातशे.

त्याचे पहिले गंभीर उत्तर कॅन्सस सिटीत शोधले गेले. ऑक्टोबर 1972 पासून वर्षभर शहराच्या दक्षिण विभागातली पंधरा बीटे तीन गटांत वाटली. पाच बीटांत गस्त बंद, फोन आला तरच गाडी जायची. पाचांत गस्त दुप्पट-तिप्पट. उरलेल्या पाचांत नेहमीसारखी एक गाडी. वर्षअखेर गुन्हे मोजले, लोकांना भीती वाटते का ते विचारले, पोलिसांवर समाधानी आहात का तेही विचारले. तिन्ही गटांत लक्षात येण्याजोगा फरक सापडला नाही. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे गस्त बंद झाल्याचे बहुतेक रहिवाशांच्या ध्यानातही आले नाही. टीकाकारांचे म्हणणे असे की पंधरा बीटे हा नमुना फार लहान, आणि ‘गस्त बंद’ असलेल्या बीटांतही फोनवरून गाड्या दिवे लावून येतच होत्या. दोन्ही आक्षेप रास्त आहेत. तरीही वाटेल तिकडे गाडी फिरवत राहण्याची सवय तेव्हापासून संशयाच्या फेऱ्यात सापडली, ती आजतागायत. न्यूअर्कमध्ये 1978-79 साली पायी गस्तीचा प्रयोग झाला. तिथे गुन्हे घटले नाहीत, लोकांची भीती मात्र कमी झाली. सुरक्षितता मोजायची ती गुन्ह्यांवरून की भीतीवरून, हा वाद इथूनच निघाला.

यानंतरचा महत्त्वाचा प्रयोग झाला तो मिनियापोलिसमध्येच. पुढच्या भांडणात त्याची आठवण फारशी कुणी काढली नाही, याचे मला नवल वाटते. शहरातल्या पत्त्यांपैकी जेमतेम 3 टक्के पत्त्यांवरून पोलिसांना येणारे निम्मे फोन येत होते. 1988-89 मध्ये अशा पत्त्यांचे 110 पुंजके निवडले आणि त्यातल्या निम्म्यांवर जादा पोलीस पाठवले. फार काही करायचे नव्हते, नुसते थांबायचे होते. तिथले गुन्ह्यांचे फोन 6 ते 13 टक्क्यांनी घटले आणि रस्त्यावरची दंगामस्ती डोळ्यांना जाणवेल इतकी कमी झाली. एका जागी दहा ते पंधरा मिनिटे थांबण्याचा फायदा होतो, त्याहून जास्त रेंगाळून मिळणारे काही नसते, असेही नंतरच्या विश्लेषणातून निघाले. म्हणजे किती पोलीस आहेत यापेक्षा ते कुठे उभे आहेत हे महत्त्वाचे, आणि हे याच शहराने जगाला दाखवले होते. सनदेतले कलम हे विचारत नाही.

संख्येच्या बाजूनेही पुरावा आहे, तो दडवण्याचे कारण नाही. अडचण एवढीच होती की गुन्हे वाढले की शहरे पोलीस वाढवतात, त्यामुळे नुसती आकडेवारी पाहिली तर जिथे पोलीस जास्त तिथेच गुन्हे जास्त दिसतात. ही गाठ सोडवायला अभ्यासकांनी गुन्ह्यांशी संबंध नसलेल्या कारणाने पोलीस वाढले, असे प्रसंग शोधले. ब्यूनोस आयर्समध्ये जुलै 1994 च्या बॉम्बस्फोटानंतर ज्यू संस्थांसमोर पहारे बसले. पहाऱ्याच्या गल्लीतली वाहनचोरी जवळपास तीन चतुर्थांशाने घटली, दोन गल्ल्या पलीकडे काहीच फरक पडला नाही. लंडनमध्ये जुलै 2005 च्या स्फोटांनंतर मध्यवर्ती भागात सहा आठवडे पोलिसांची हजेरी तिसऱ्या हिश्श्याहून वाढली आणि गुन्हे दहा टक्क्यांहून जास्त उतरले. अमेरिकी शहरांचा 2022 मधला एक मोठा अभ्यास सांगतो की साधारण दहा ते सतरा पोलीस वाढले की वर्षाला एक खून टळतो, आणि लोकसंख्येच्या मानाने याचा लाभ कृष्णवर्णीयांना अधिक होतो. त्याच अभ्यासात पुढे हेही आहे की पोलीस वाढले की किरकोळ गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटकाही वाढतात आणि त्यांचा बोजाही कृष्णवर्णीयांवरच जास्त पडतो. भांडणारे दोन्ही पक्ष या अभ्यासातले आपापले अर्धे वाक्य उचलतात.

मे 2020 मध्ये मिनियापोलिसच्या एका पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेला, पुढे काय घडले ते सांगायला नको. जूनमध्ये नगरपरिषदेतल्या नऊ सदस्यांनी एका बागेत व्यासपीठावर उभे राहून सध्याचे पोलीस खाते मोडीत काढण्याचे वचन दिले. ‘डिफंड’, म्हणजे पोलिसांचा पैसा काढून घ्या, हा शब्द त्या आठवड्यात जगभर गेला. त्याचा अर्थ कुणी पोलीसच नकोत असा घेतला, कुणी काही कामे दुसऱ्या खात्यांकडे द्यावीत असा, तर कुणी नुसती थोडी कपात असा. उदाहरण म्हणून न्यू जर्सीतल्या कॅम्डेनचे नाव वारंवार पुढे येई. तिथे 2013 मध्ये शहराचे दल बरखास्त झाले हे खरे, पण त्याच्या जागी काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याने, जे दल उभारले त्यात माणसे आधीपेक्षा जास्त होती.

मिनियापोलिसमध्ये प्रत्यक्षात झाले ते एवढेच: डिसेंबर 2020 मध्ये सुमारे 80 लाख डॉलर पोलिसांकडून इतर कामांकडे वळवले आणि मंजूर पदे 888 वरून 750 करण्याचा प्रस्ताव सात विरुद्ध सहा मतांनी बारगळला. कागदावर 888 तसेच राहिले. मात्र तोवर पोलीस आपणहून निघून चालले होते. कुणी राजीनामा दिला, कुणी मानसिक आघाताचे कारण देऊन दीर्घ वैद्यकीय रजा टाकली. 2019 मध्ये शहरात 48 खून झाले होते. 2021 मध्ये तो आकडा शंभराच्या जवळ पोचला. शहराच्या उत्तर भागातल्या आठ रहिवाशांनी त्याआधीच, ऑगस्ट 2020 मध्ये, कोर्टात धाव घेतली होती. त्यांच्या हातात होते ते 1961 चे विसरलेले कलम.

आता या कलमाचे शब्द पाहू, कारण सगळा गुंता तिथे आहे. नगरपरिषदेने दर रहिवाशामागे किमान 0.0017 कर्मचारी असलेल्या पोलीस दलासाठी पैसे पुरवावेत, असे ते म्हणते. पैसे पुरवावेत, नेमावेत नव्हे. आणि कर्मचारी, म्हणजे शपथ घेतलेला पोलीस की कारकूनही धरायचा? दीर्घ रजेवरचा माणूस पटावर आहे, पगार घेतो, पण गाडीत बसत नाही. तो मोजायचा का? जुलै 2021 मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी रहिवाशांच्या बाजूने कौल देऊन वर्षभरात 730 पोलीस हजर करा म्हटले. मार्च 2022 मध्ये अपील न्यायालयाने तो आदेश फिरवला. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम दोघांत वाटून टाकले. नगरपरिषदेने पैसे ठेवले आहेत, तिचे कर्तव्य पार पडले. माणसे नेमण्याची जबाबदारी महापौरांची, त्यांनी 731 शपथबद्ध पोलीस नेमावेत, नाहीतर का नेमता आले नाहीत ते दाखवावे.

मधल्या काळात, नोव्हेंबर 2021 मध्ये, पोलीस खात्याच्या जागी नवे सार्वजनिक सुरक्षा खाते आणण्याचा आणि त्याबरोबर हे कलमही काढून टाकण्याचा प्रस्ताव मतदानाला आला आणि सुमारे 56 टक्के मतदारांनी तो फेटाळला. ज्या शहरातून ‘डिफंड’ची हाक उठली, त्याच शहराने किमान आकडा कायम ठेवला.

पण 731 म्हणजे रस्त्यावर किती? एक जागा चोवीस तास, सातही दिवस भरलेली ठेवायची तर आठवड्याचे 168 तास होतात. माणूस 40 तास काम करतो, म्हणजे चार माणसेही पुरत नाहीत. रजा, प्रशिक्षण, कोर्टातली साक्ष धरली की किमान पाच लागतात. या हिशोबाने सगळेच्या सगळे 731 गस्तीला लावले तरी एका वेळी दीडशेच्या आसपास निघतात. त्यातून तपास पथके, पर्यवेक्षक, मुख्यालयातले लोक वजा केले की काय उरते, ते ज्याने कधी पाळ्यांचा तक्ता लावला आहे त्याला विचारावे. मंजूर, पटावर आणि रस्त्यावर, या तीन वेगवेगळ्या संख्या आहेत. सनदेने मधली पकडली, अंदाजपत्रकाच्या भांडणात पहिली वापरली गेली आणि रात्री दोन वाजता फोन करणाऱ्याचा संबंध येतो तो तिसरीशी.

नोव्हेंबर 2022 मध्ये प्रकरण पुन्हा जिल्हा न्यायालयात आले. महापौरांच्या बाजूने सांगितले गेले की भरतीसाठी पैसा आहे, जाहिराती चालू आहेत, पण माणसेच येत नाहीत. न्यायाधीशांनी हे कारण पुरेसे मानले. सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेला आकडा असा न गाठताच प्रकरण मिटले. पुढे दल 600 च्याही खाली गेले, आणि त्याच काळात खून 2021 च्या शिखरावरून उतरले. याचा अर्थ पोलीस लागत नाहीत असा काढणारेही भेटतात. कोविडच्या साथीनंतर अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांत खून उतरले, पोलीस वाढलेल्या शहरांत आणि घटलेल्याही, हे ते सांगत नाहीत.

इंग्लंडचा अनुभव याच सुमाराचा आहे. 2010 नंतरच्या काटकसरीत तिथे वीसेक हजार पोलीस कमी झाले, 2019 मध्ये तेवढेच परत भरण्याची घोषणा झाली आणि मार्च 2023 पर्यंत देशाची बेरीज जुळली. लंडनच्या दलाला मात्र आपला वाटा भरता आला नाही, हजाराहून थोडी जास्त माणसे कमी पडली. जुने जाणते गेले आणि त्यांच्या जागी नवशिके आले, हे बेरजेत दिसत नाही.

मिनियापोलिसने जुलै 2024 मध्ये पोलिसांशी नवा करार केला: तीन वर्षांत मिळून 21.7 टक्के पगारवाढ. भरती त्यानंतर थोडी हलली. सनदेतले कलम जागच्या जागी आहे, आणि 2030 च्या जनगणनेनंतर तो गुणाकार पुन्हा करावा लागेल.