जपानी व कोरियन शासकीय मजकुराचे इंग्रजी भाषांतर

जपान, दक्षिण कोरिया आणि उत्तर कोरिया या देशांतील सरकारी मजकूर इंग्रजीत येतो, तेव्हा त्याचे व्याकरण पुष्कळदा बिनचूक असते, पण वाचणारा तरीही अडखळतो. कायद्यांची शीर्षके, मंत्रालयांची नावे, परिपत्रके, निवासी परवान्याचे अर्ज, रस्त्यावरच्या पाट्या, आपत्तीच्या सूचना, वृत्तसंस्थांची निवेदने, सगळीकडे हा अनुभव येतो. जपानमध्ये तयार झालेल्या इंग्रजी धाटणीच्या शब्दांना ‘वासेइ एइगो’ आणि कोरियातल्या अशा इंग्रजीला ‘काँग्लिश’ म्हणतात. पण ती बोलीभाषेतली गंमत वेगळी आणि सरकारी शिक्का असलेला मजकूर वेगळा. पाटीवरची चूक फार तर प्रवाशाला हसवते. तहातल्या किंवा भूकंपाच्या सूचनेतल्या चुकीची किंमत मोजावी लागते, म्हणून हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

घडण

जपानी आणि कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी येते, कर्ता सर्रास गाळला जातो, आणि इंग्रजीतल्या ‘अ’ व ‘द’ यांच्या तोडीचे काही नसते. मराठी वाचकाला यात काहीच परके वाटणार नाही. ‘अर्ज स्वीकारण्यात येतील’ हे वाक्य आपण कोण स्वीकारणार हे न विचारता वाचतो; जपानी कचेरीतले वाक्यही तसेच असते. इंग्रजीला मात्र कर्ता हवा असतो. मग भाषांतरकार एक तर कर्मणी प्रयोगांची साखळी लावतो, नाहीतर मुळात नसलेला ‘वुई’ घालतो. पहिल्या प्रकारात वाक्य बोजड होते. दुसऱ्यात, मूळ खात्याने कधीच न घेतलेली जबाबदारी त्याच्या गळ्यात पडते.

शीर्षकांचे उदाहरण मराठी माणसाला विशेष ओळखीचे वाटेल. जपानी सरकारी पत्राचा विषय बहुधा ‘नि त्सुइते’ या शब्दांनी संपतो. आपल्या शासन निर्णयाचा मथळा ‘…करण्याबाबत’ असा संपतो, त्याचाच हा सख्खा भाऊ. मराठीत तो मथळा नैसर्गिक वाटतो. त्याचेच इंग्रजीत ‘अबाउट द हँडलिंग ऑफ’ असे झाले, की पुढे काय सांगायचे आहे याचा पत्ता लागत नाही: परवानगी दिली आहे, बंदी घातली आहे की नुसतीच माहिती आहे?

सर्वात हट्टी शब्द आहे ‘तो’, म्हणजे ‘इत्यादी’. तोच चिनी वर्ण कोरियनमध्ये ‘दुंग’ असा उच्चारला जातो. जपानी मसुदाकार तो काळजीपूर्वक वापरतो, कारण शीर्षकात न मावलेली कलमे त्या एका वर्णाखाली झाकता येतात. स्त्री-पुरुषांना नोकरीत समान संधी देणाऱ्या जपानी कायद्याचे इंग्रजी नाव ‘ॲक्ट ऑन सिक्युअरिंग, एटसेटरा ऑफ इक्वल ऑपॉर्च्युनिटी…’ असे सुरू होते. ‘समान संधी सुनिश्चित करणे इत्यादी’ ही रचना जपानी वकिलाला अगदी अचूक वाटते. इंग्रजी वाचकाला वाटते, की कायदे करणाऱ्यालाच आपल्याला काय करायचे आहे ते पुरते ठाऊक नव्हते. मूळ भाषेतला नेमकेपणा इंग्रजीत ढिलाई होऊन येतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

जपान आणि कोरिया यांच्या सरकारी इंग्रजीत इतके साम्य का, याचे उत्तर इतिहासात आहे. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) जपानी विद्वानांनी पाश्चात्त्य कायदा व प्रशासनाच्या कल्पनांसाठी चिनी वर्णांची जोडी लावून शेकडो शब्द घडवले. १९१० ते १९४५ या जपानी राजवटीत त्यातले पुष्कळ कोरियन कायद्यात व कचेऱ्यांत रुजले आणि स्वातंत्र्यानंतरही राहिले. शब्द एकाच टाकसाळीतले, म्हणून भाषांतराची अडचणही एकसारखी. ‘शिदो’ हा शब्द घ्या. कोरियनमध्ये तो ‘जिदो’. इंग्रजीत दोहोंचे ‘गाइडन्स’ होते, आणि ‘गाइडन्स’ म्हटले की इंग्रजी वाचकाच्या डोळ्यापुढे मैत्रीपूर्ण सल्ला येतो. जपानमध्ये ‘ग्योसेइ शिदो’, म्हणजे प्रशासकीय मार्गदर्शन, कायद्याने बंधनकारक नसते. १९९३ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यात त्याची व्याख्याही आहे. पण खात्याचा सल्ला सहसा कोणी मोडत नसे. उत्तर कोरियात नेता कारखान्याला किंवा शेताला भेट देतो, त्याला ‘ह्योंजी जिदो’ म्हणतात आणि इंग्रजीत ‘ऑन-द-स्पॉट गाइडन्स’. तिथे त्याचा अर्थ आज्ञा असाच घ्यायचा असतो. शब्द एक, भाषांतर एक, आणि अर्थात जमीन-अस्मानाचा फरक.

गाजलेली प्रकरणे

३१ मार्च १८५४ रोजी अमेरिका व जपान यांच्यात झालेला कानागावाचा तह डच आणि अभिजात चिनी या मधल्या भाषांतून वाटाघाटी होऊन ठरला. त्याच्या ११ व्या कलमात, दोघांपैकी कोणत्याही एका सरकारला गरज वाटली तर शिमोदा येथे अमेरिकी वाणिज्यदूत नेमता येईल, असे इंग्रजी मजकूर म्हणतो. जपानी मजकुराप्रमाणे त्यासाठी दोन्ही सरकारांना गरज वाटायला हवी. १८५६ मध्ये अमेरिकी वाणिज्यदूत टाउनसेंड हॅरिस शिमोद्याला उतरला, तेव्हा जपानी अधिकाऱ्यांना त्याला परत पाठवायचे होते आणि त्याच्या हाती हे कलम होते. दोघेही आपापल्या प्रतीप्रमाणे खरे होते.

‘मोकुसात्सु’ या शब्दाची कथा याहून अधिक सांगितली जाते. २६ जुलै १९४५ रोजी मित्रराष्ट्रांनी पॉट्सडॅम जाहीरनामा काढून जपानला शरण येण्यास सांगितले. २८ जुलैला पंतप्रधान कांतारो सुझुकी यांनी पत्रकारांसमोर तो शब्द वापरला. त्यातला पहिला वर्ण ‘मौन’ आणि दुसरा ‘मारणे’ असा आहे. त्यातून ‘सध्या काही बोलायचे नाही’ असाही अर्थ निघतो आणि ‘तुच्छतेने दुर्लक्ष करतो’ असाही. परदेशात बातमी दुर्लक्ष आणि नकार अशीच गेली. ६ ऑगस्टला हिरोशिमावर बाँब पडला. एका शब्दाने एक शहर जाळले, असे या प्रसंगावरून म्हटले जाते, पण ते पटत नाही. बाँब टाकण्याचा लेखी आदेश २५ जुलैचा आहे, म्हणजे जाहीरनाम्याच्याही आदल्या दिवसाचा. भाषांतरकाराच्या माथी एवढे मोठे पाप मारणे अन्यायाचे आहे. शब्द मुळातच दुहेरी होता; घरातल्या युद्धखोर सेनाधिकाऱ्यांना आणि बाहेरच्या शत्रूला एकाच वेळी उत्तर देण्याची सुझुकींवर वेळ आली होती.

नोव्हेंबर १९६९ मध्ये पंतप्रधान एइसाकू सातो वॉशिंग्टनला रिचर्ड निक्सन यांना भेटले. जपानी कापडाची निर्यात आवरावी, असा अमेरिकेचा आग्रह होता. सातो ‘झेन्शो शिमासु’ म्हणाले आणि दुभाष्याने त्याचे ‘मी पुरेपूर प्रयत्न करीन’ असे इंग्रजी केले, अशी आख्यायिका आहे. नेमके कोणते शब्द उच्चारले गेले याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. ही आख्यायिका टिकून राहिली, कारण हा शब्दप्रयोग जपानी कचेरीत रोज ऐकू येतो आणि त्याचा अर्थ आपल्या ‘बघू, करू काहीतरी’ याच्याइतकाच असतो. ‘केन्तो शिमासु’, म्हणजे ‘विचार करतो’, हेही त्याच जातीचे. मंत्रालयात खेपा घातलेल्या माणसाला ‘बाब विचाराधीन आहे’ याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. परदेशी कंपनीच्या प्रतिनिधीला मात्र तो आशेचा किरण वाटतो.

उलट दिशेने झालेल्या भाषांतरांनीही मोठे प्रश्न उभे केले आहेत. जपानची सध्याची राज्यघटना ३ मे १९४७ रोजी अमलात आली. तिचा मूळ मसुदा फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी आठवडाभरात इंग्रजीत लिहिला होता. त्यातल्या ‘पीपल’ या शब्दाचे जपानीत ‘कोकुमिन’, म्हणजे राष्ट्राचे नागरिक, असे झाले, आणि जपानमध्ये राहणारे परदेशी त्यात येतात की नाही हा वाद जन्माला आला. दक्षिण कोरियात २०११ मध्ये युरोपीय संघाबरोबरच्या मुक्त व्यापार कराराच्या कोरियन प्रतीत २०७ चुका सापडल्या. करार संसदेतून मागे घेऊन पुन्हा मांडावा लागला. पाठोपाठ अमेरिकेबरोबरच्या करारात २९६ चुका निघाल्या.

उत्तर कोरिया

उत्तर कोरियाची सरकारी वृत्तसंस्था केसीएनए आपली निवेदने स्वतःच इंग्रजीत देते, आणि त्या इंग्रजीची चव जगात दुसरीकडे मिळत नाही. २२ सप्टेंबर २०१७ रोजी किम जाँग-उन यांच्या निवेदनात डोनाल्ड ट्रम्प यांना ‘डोटार्ड’ म्हटले गेले. जन्माने इंग्रजी बोलणाऱ्यांनाही हा जुनापुराणा शब्द कोशात शोधावा लागला. मूळ कोरियन ‘नुक्दारी’ मात्र जुना नाही. म्हाताऱ्या माणसाला किंवा थकलेल्या जनावराला हिणवण्याचा तो रोजचा, रांगडा शब्द आहे. मराठीत ‘साठी बुद्धी नाठी झालेला थेरडा’ म्हटले तर झणका बराचसा पोहोचतो. इंग्रजीत त्या शिवीला पुस्तकी झूल चढली. बाहेरचे बोलणे फारसे कानांवर पडत नसेल, तर भाषांतरकाराला कोशाचाच आधार उरतो, आणि कोशात शिवी व शब्द यांचे वय लिहिलेले असेलच असे नाही. ‘पुल्बादा’चे ‘सी ऑफ फायर’ मात्र शब्दशः असूनही जमून गेले आहे. १९९४ मध्ये उत्तरेच्या प्रतिनिधीने सोलचा आगीचा समुद्र होईल अशी धमकी दिली, ती प्रतिमा इंग्रजीतही तितकीच भयंकर आहे.

नावे आणि पाट्या

मंत्रालयांच्या नावांत शब्दशः भाषांतर टाळण्याची धडपड दिसते. २०१३ ते २०१७ या काळात दक्षिण कोरियात असलेल्या विज्ञान मंत्रालयाचे कोरियन नाव ‘भविष्यनिर्मिती विज्ञान मंत्रालय’ असे होते. इंग्रजीत त्याचे ‘सायन्स, आयसीटी (माहिती व संपर्क तंत्रज्ञान) अँड फ्यूचर प्लॅनिंग’ केले. जपानमधल्या ‘माय नंबर’ या ओळखक्रमांकाचे कायद्याच्या भाषांतरात ‘इंडिव्हिज्युअल नंबर’ होते; ‘तुमचा माय नंबर सांगा’ या सूचनेने इंग्रजी वाचक गोंधळतो.

नद्या-डोंगरांचा प्रश्न आपल्याला जवळचा आहे. सोलमधून वाहणारी ‘हानगांग’. त्यातला ‘गांग’ म्हणजेच नदी. दक्षिण कोरियाच्या २०१५ च्या नियमांनुसार तिचे इंग्रजी नाव ‘हानगांग रिव्हर’, आणि ‘सान’ म्हणजे डोंगर असूनही ‘नामसान माउंटन’. द्विरुक्ती दिसते खरी, पण स्थानिकाला आणि परक्याला एकच नाव कळते. आपणही ‘अद्रि’ म्हणजे पर्वत हे ठाऊक असून ‘सह्याद्री पर्वत’ म्हणतोच. जपानने २०१३ मध्ये संसदेजवळच्या पाट्यांवरचे ‘कोक्काई’ बदलून ‘द नॅशनल डाएट’ केले, तो बदलही परक्याला कळावे म्हणूनच.

यंत्राने केलेल्या भाषांतराचा नमुना २०१९ मध्ये ओसाका मेट्रोच्या संकेतस्थळावर दिसला. ‘साकाइसुजी’ या मार्गाचे ‘साकाइ मसल’ झाले. ‘सुजी’ म्हणजे स्नायू हे खरे, पण ओसाकात उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यालाही ‘सुजी’च म्हणतात. कोरियन खाद्यपदार्थांच्या यादीत ‘युक्हे’ या कच्च्या मांसाच्या पदार्थाचे ‘सिक्स टाइम्स’ झालेले असे, कारण ‘युक्’ म्हणजे मांस आणि सहाही. तिथल्या राष्ट्रीय कोरियन भाषा संस्थेने २०१४ मध्ये २०० पदार्थांची प्रमाण भाषांतरे ठरवून दिली.

सुधारणेचे प्रयत्न

जपानच्या न्याय मंत्रालयाने २००९ मध्ये कायद्यांच्या इंग्रजी भाषांतरांचे संकेतस्थळ सुरू केले. त्यामागे प्रमाण विधी शब्दकोश आहे, आणि कायदेशीर बळ फक्त जपानी मजकुराला असल्याची सूचनाही आहे. एका शब्दाला सगळीकडे एकच प्रतिशब्द मिळाल्याने वकिलांची सोय झाली. ‘एटसेटरा’ मात्र तिथेही गेले नाही, कारण ते काढायचे तर आधी कायद्याचे शीर्षक बदलायला हवे.

अधिक मोलाचे काम आपत्तीच्या भाषेत झाले आहे. १९९५ च्या कोबे भूकंपात परदेशी रहिवाशांना सूचना समजल्या नाहीत. त्यातून ‘यासाशी निहोंगो’, म्हणजे सोपी जपानी, ही चळवळ उभी राहिली. सगळ्यांसाठी इंग्रजी करण्याऐवजी मूळ जपानीच लहान वाक्यांत, कर्ता व क्रिया उघड ठेवून लिहायची, हा तिचा मार्ग आहे. मूळ वाक्य सुटसुटीत झाले की इंग्रजीही आपोआप सरळ येते. मे २०२१ मध्ये जपानने घर सोडण्याची ‘शिफारस’ आणि ‘निर्देश’ हे दोन स्तर मोडून एकच ठेवला. जपानी माणसांचाच त्या दोन शब्दांत गोंधळ होत होता, तिथे भाषांतराने काय साधणार होते?

२०२० च्या साथीत ‘सान्-मित्सु’ हा शब्द आला: बंदिस्त जागा, गर्दी आणि निकट संपर्क, तिन्हींत ‘मित्सु’ हा वर्ण समान. इंग्रजीत त्याचे ‘थ्री सीज’ केले: क्लोज्ड, क्राउडेड, क्लोज-काँटॅक्ट. वर्ण गेला, पण समान आद्याक्षराची युक्ती टिकली आणि सूचना लक्षात राहिली. जागतिक आरोग्य संघटनेनेही तो शब्द उचलला.

महाराष्ट्राशी संबंध

मुंबईची मेट्रो ३ आणि अटल सेतू यांना जपानच्या ‘जायका’ या संस्थेचे कर्ज आहे. पुणे परिसरात रांजणगावला एलजी आणि तळेगावला ह्युंदाई या कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत. पुणे हे भारतातल्या जपानी भाषाशिक्षणाचे एक जुने केंद्र, आणि तिथे जपानी तांत्रिक कागदपत्रांचे भाषांतर हा अनेक मराठी माणसांचा व्यवसाय आहे. वाक्यरचना जवळची असल्याने जपानीतून मराठीत येताना क्रियापद जागचे हलत नाही, कर्ता गाळता येतो, आणि ‘बाबत’, ‘इत्यादी’, ‘विचाराधीन’ हे शब्द तयारच असतात. त्यामुळे जपानी मजकुराची मराठी प्रत ओघवती होते, पण मुळातली संदिग्धताही तिच्यात सुखरूप उतरते. इंग्रजी करताना त्याच भाषांतरकाराला काम पाठवणाऱ्याला विचारावे लागते: हे नक्की कोण करणार आहे, आणि कधीपर्यंत?