पृष्ठीय फ्लॅशओव्हर

घन विद्युतरोधकाच्या पृष्ठभागालगत, वायूमधून होणारे विद्युत विसर्जन. ते एका इलेक्ट्रोडपासून दुसऱ्यापर्यंत पोचले की फ्लॅशओव्हर होतो. मध्येच विरले तर ते आंशिक विसर्जन ठरते. इन्सुलेटर, म्हणजे लाइनची तार खांबापासून अलग ठेवणारा चिनी मातीसारखा रोधक, ‘पंक्चर’ होणे ही निराळी गोष्ट आहे. पंक्चरमध्ये ठिणगी चिनी मातीच्या अंगातून आरपार जाते आणि इन्सुलेटर कायमचा निकामी होतो. फ्लॅशओव्हरमध्ये ठिणगी बाहेरच्या हवेतून जाते. ब्रेकरने (बिघाड होताच लाइन आपोआप बंद करणाऱ्या उपकरणाने) प्रवाह तोडला की हवा पुन्हा पूर्ववत होते, त्यामुळे अशी ट्रिप झालेली, म्हणजे बंद पडलेली, लाइन पुष्कळदा लगेच पुन्हा चालू करता येते.

सर्वसाधारण दाबाला एकसमान विद्युत क्षेत्रात हवा दर सेंटिमीटरला सुमारे ३० किलोव्होल्ट सोसते. चिनी माती त्याहून कितीतरी जास्त सोसते. तरीही दोघींच्या सीमेवरची वाट नुसत्या हवेपेक्षाही कमजोर ठरते, आणि या विषयाचा गाभा तोच आहे. धातू, रोधक आणि वायू जिथे एकत्र मिळतात त्या त्रिसंधीपाशी सुरुवात होते. चिनी मातीचा सापेक्ष परावैद्युतांक (पदार्थ आपल्या आतले विद्युत क्षेत्र किती पट कमी करतो ते सांगणारा अंक) सहाच्या आसपास, तर हवेचा एक असतो. त्यामुळे धातू आणि रोधक यांच्यात केसाएवढी फट राहिली, तरी त्या फटीतल्या हवेवर क्षेत्र कित्येक पटींनी वाढते. तिथे सुटलेले इलेक्ट्रॉन वायूच्या रेणूंवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन मोकळे करतात. त्यांचा लोंढा पुरेसा दाट झाला की स्ट्रीमर, म्हणजे आयनित वायूची चमकती तार, पृष्ठभागाला बिलगून पुढे सरकते. तिने मागे टाकलेला विद्युतभार पृष्ठभागावर चिकटून राहतो आणि क्षेत्र आणखी विकृत करतो. या भाराच्या फांद्याफांद्यांच्या आकृत्या १७७७ मध्ये जर्मनीत गेऑर्ग लिख्टेनबेर्ग यांनी धूळ भुरभुरून प्रथम दृश्य केल्या.

वरचे वर्णन स्वच्छ, कोरड्या पृष्ठभागाचे आहे. गोव्यात लाइनवर होणाऱ्या फ्लॅशओव्हरचा विचार करताना मीठ आणि ओल यांना पहिले स्थान द्यावे लागते. पणजीत वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या काळात. नोव्हेंबरपासून मेपर्यंत हरमल ते काणकोण या पट्ट्यात समुद्रावरून येणारे खारे तुषार इन्सुलेटरवर साठत राहतात आणि ते धुऊन काढणारा पाऊस नसतो. डिचोली-सांगे भागात खनिजाची तांबडी धूळ बसते. तिच्यात विरघळणारे क्षार कमी असतात, पण ती पाणी धरून ठेवते आणि त्यामुळे मिठाचा परिणाम वाढवते.

हा थर कोरडा असताना जवळजवळ निरुपद्रवी असतो. मुसळधार पाऊस तो धुऊन नेतो. खरा धोका पहाटेच्या दवात, धुक्यात आणि वळवाच्या पहिल्या शिडकाव्यात असतो, कारण तेवढ्या पाण्याने मीठ विरघळते पण वाहून जात नाही. मग ओल्या थरातून गळतीचा प्रवाह वाहू लागतो. इन्सुलेटर ज्या धातूच्या दांडीवर बसवतात त्या पिनजवळ इन्सुलेटरचा घेर लहान असतो, त्यामुळे तिथे प्रवाह दाटतो, थर तापतो आणि एक कोरडा पट्टा तयार होतो. आता जवळजवळ सगळे व्होल्टेज त्या अरुंद पट्ट्यावर येते आणि त्यावर ठिणग्या उडू लागतात. मे महिन्यात पहाटे किनाऱ्यालगतच्या ३३ केव्ही (किलोव्होल्ट) लाइनच्या खांबाखाली चरचर ऐकू येते, अंधारात निळसर-जांभळी चमक दिसते, ती याच टप्प्याची. पुष्कळदा सूर्य वर आला की थर सुकतो आणि प्रकरण तिथेच मिटते. पण उरलेल्या ओल्या थराचा रोध पुरेसा कमी असेल तर ठिणगी विझत नाही. ती लांबत जाते, दुसरे टोक गाठते आणि फीडर, म्हणजे त्या भागाला वीज पुरवणारी लाइन, ट्रिप होतो.

म्हणूनच इन्सुलेटरला छत्रीसारख्या कडा देतात. त्यांनी सरळ अंतर फारसे न वाढवता पृष्ठभागावरची वाट लांबते. आंतरराष्ट्रीय मानकाच्या जुन्या पद्धतीत हलक्या प्रदूषणासाठी दर किलोव्होल्टला १६ मिमी, तर अतितीव्र प्रदूषणासाठी ३१ मिमी वाट सांगितली होती. ३३ केव्ही लाइनचे कमाल व्होल्टेज ३६ केव्ही धरले, तर हा फरक ५७६ मिमी आणि १,११६ मिमी इतका पडतो. गोव्याच्या किनारपट्टीला हलका वर्ग लावणे चुकीचेच ठरेल.

बंदिस्त उपकेंद्रांत हवेऐवजी सल्फर हेक्झाफ्लोराइड भरतात. तो इलेक्ट्रॉन टिपून घेतो आणि समान दाबाला हवेच्या अडीच ते तीन पट ताण सोसतो. खारी हवा आत शिरत नाही, पण आतला वाहक जागेवर धरून ठेवणाऱ्या इपॉक्सीच्या रोधकावर, म्हणजे स्पेसरवर, धातूचा बारीकसा कण चिकटला तरी तिथून फ्लॅशओव्हर होऊ शकतो. तापमानवाढीच्या हिशेबात हा वायू शंभर वर्षांच्या मुदतीत कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून अधिक घातक आहे.

उघड्या लाइनवर पहिल्या पावसाआधी इन्सुलेटर धुणे हा जुना आणि अजूनही मोलाचा उपाय आहे. दुसरा उपाय सिलिकॉन रबराचा. त्यावर पाण्याचा सलग थर न होता सुटे थेंब बनतात. शिवाय रबरातले हलके रेणू वर झिरपून साचलेल्या मळालाही हा गुण देतात. सतत ओल आणि ठिणग्या राहिल्या तर हा गुण काही काळ हरपतो आणि कोरडे मिळाले की परततो. गोव्यात सलग ओल पावसाळ्यात असते आणि तेव्हा मीठही धुऊन जाते, हे या पदार्थाच्या पथ्यावर पडते.